मालक, मला खाली उतरवा

त्याला घरी सगळे 'साहेब' म्हणायचे. सगळे म्हणजे खरं तर एकटी आई, पण ती दहा जणांच्या आवाजात म्हणायची. सकाळी पाणी तापलं की, "साहेब, आंघोळीला चला," आणि संध्याकाळी तो दारात दिसला की शेजारच्या तीन खोल्यांत ऐकू जाईल असं, "आले का साहेब?" साहेबाचं वय सत्तावीस. हुद्दा महाव्यवस्थापक, नावीन्य विभाग. डाव्या बुटाचा तळ निघालेला, तो त्याने आतून पुठ्ठा कापून बसवला होता. पुठ्ठा मात्र उत्तम प्रतीचा होता, कारण साहेब खोक्यांच्या कारखान्यात कामाला होता.

कारखाना म्हणजे दोन लांब शेड, मध्ये पुठ्ठ्याच्या तावांचे ढीग, नाकात बसणारा गोंदाचा वास आणि ट्रक लागायला एक फाटक. कोणी इस्त्र्या बनवतं, कोणी काचेच्या बाटल्या, कोणी घड्याळं. त्या मालाला मापाचं खोकं लागतं, आणि हजारो खोकी यंत्रावर काढण्याआधी एक हाताने बनवून पाहावं लागतं. त्याला नमुना म्हणायचं. साहेबाचं काम हेच. वस्तू टेबलावर ठेवायची, मापं घ्यायची, पुठ्ठ्यावर रेघा मारायच्या, पात्याने कापायचं, घड्या घालायच्या, आत वस्तू बसवायची आणि खोकं कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडायचं. वस्तू शाबूत राहिली की नमुना पास. बाविसाव्या वर्षी तो नमुना कारागीर म्हणून लागला तेव्हा हेच करत होता आणि महाव्यवस्थापक झाल्यावरही हेच करत होता. फरक एवढाच, की आता तो कोट घालून कापायचा, त्यामुळे खांद्यात हात अडकायचा.

हे कसं झालं ते कळायला मालक कळायला हवेत. मालक म्हणजे गोड माणूस. जिभेवर साखर आणि तिजोरीला दोन कुलपं. वर्ष संपत आलं, पगारवाढीचा विषय हवेत तरंगायला लागला, की मालकांना माणसांबद्दल फार प्रेम दाटून यायचं. मग एका शनिवारी दुपारी यंत्रं बंद व्हायची. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या जायच्या. ज्याची बढती असेल त्याच्या आईला किंवा वडिलांना खास निरोप जायचा, त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं. मालक त्या माणसाचं नवं पद मोठ्याने वाचायचे, आईच्या हातात फुलांचा गुच्छ द्यायचे, केक कापला जायचा, टाळ्या व्हायच्या, आणि अर्ध्या तासात यंत्रं पुन्हा धडधडायला लागायची. पगाराचं नाव कोणी काढायचं नाही. तोंडात केक आणि शेजारी डोळे पुसणारी आई असताना पगार विचारणारा माईचा लाल अजून जन्माला यायचा होता. मालकांनी आयुष्यात कोणाला पगारवाढ नाकारली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. त्यांनी मागायची पाळीच येऊ दिली नाही.

दर वर्षी असं करता करता कारखान्यात तीस माणसं आणि त्यांत बावीस अधिकारी झाले. फाटकावरचे म्हातारे काका सुरक्षा प्रमुख होते. चहा करणारा आतिथ्य व्यवस्थापक होता, आणि त्याच्या खात्यात एक शेगडी होती. ट्रकवर माल चढवणारे दोघंही वितरण प्रमुख. आता एका प्रमुखाने दुसऱ्याचं का ऐकावं, यावरून त्यांची रोज जुंपायची आणि माल शेवटी ट्रकचा ड्रायव्हर चढवायचा. एकटा हिशेबनीस मात्र वर्षानुवर्षं नुसता हिशेबनीसच राहिला. त्यालाही मालक दर वर्षी 'मुख्य वित्त अधिकारी' करायला निघायचे. तो म्हणायचा, "मालक, मला साखरेचा त्रास आहे, केक चालत नाही. त्यापेक्षा आकडा वाढवा." आणि त्याचा आकडा वाढायचा. पोरं त्याला कपाळकरंटा म्हणायची. एवढी वर्षं एकाच जागी, माणसाला काही महत्त्वाकांक्षा नको?

मालकांच्या खोलीबाहेर एक मोठी पाटी होती. 'पैशाच्या मागे धावू नका, काम करा, पैसा आपोआप तुमच्या मागे धावेल.' साहेब ती रोज वाचून आत जायचा. पाच वर्षं तो मान खाली घालून काम करत राहिला. पैसा धावला हे खरं, पण मालकांच्या मागे.

त्याच्या बढत्यांचा हिशेब एकदा मांडूच. पहिल्या वर्षी 'वरिष्ठ' झाला. त्यात गेलं काही नाही, आलंही काही नाही. पुढच्या वर्षी अधिकारी झाला, आणि मालकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "अधिकाऱ्याला ओव्हरटाइम शोभत नाही. घड्याळ बघून काम मजूर करतात." ओव्हरटाइम म्हणजे त्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा होता. तो हिस्सा गेला, आणि या गाढवाने मालकांचे आभार मानले. तिसऱ्या वर्षी व्यवस्थापक. व्यवस्थापकाने कोट घालायचा होता, स्वतःच्या पैशाने. शिवाय केकच्या वर्गणीत व्यवस्थापकांनी दुप्पट द्यायचे. हो, केक वर्गणीतूनच यायचा. चौथ्या बढतीला महाव्यवस्थापक, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशीही फोन चालू ठेवायचा. बदल्यात चाकांची खुर्ची मिळाली. पण पुठ्ठा उभं राहूनच कापावा लागतो, म्हणून खुर्चीवर तो तयार नमुने ठेवायचा. हाताखाली माणूस एकही नव्हता. तो स्वतःच स्वतःला हुकूम सोडायचा आणि स्वतःच ऐकायचा.

आता वाटेल, बिचारा, मालकाने फसवलं. छे. बिचाऱ्याला ते आवडत होतं. छापील कार्डांचा गठ्ठा तो छातीच्या खिशात बाळगायचा आणि दिसेल त्याला कार्ड द्यायचा. न्हाव्याला दिलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला दिलं. दाताच्या डॉक्टरला तर तोंड उघडं असतानाच खिशातून काढून दिलं. डॉक्टरने ते वाचलं आणि साध्या दाताचा विचार सोडून महागातला दात सुचवला. मामाने एकदा हात पसरले, याने खरं सांगायचं सोडून "बघू, सध्या गुंतवलेत" म्हटलं. तेव्हापासून नात्यात बोभाटा झाला, की पोरगा मोठा झाला पण हात आखडता आहे. हे ऐकून साहेबाला बरंच वाटलं. कंजूष म्हणवून घेण्यात एक श्रीमंती असते.

आणि सगळं असंच पुढे चाललं असतं, पण मध्ये औषधवाली आली.

ती चौकातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. साहेबाने तिलाही कार्ड दिलं होतं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एका गिऱ्हाइकाला गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या. तिथून पुढे दोन वर्षांत दोघांचं जमलं, कसं ते त्यांचं त्यांना ठाऊक. लग्न करायचं ठरलं. तिने एक खोली आणि स्वयंपाकघर अशी जागा पाहून ठेवली, तिची अनामत रक्कम स्वतःच्या पगारातून साठवलेली होती. दर महिन्याचं भाडं दोघांनी निम्मंनिम्मं भरायचं.

"तुझा निम्मा कुठून येईल ते सांग," ती म्हणाली.

साहेबाने पगार सांगितला. तिच्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली.

"आमच्या दुकानात माल लावणारा मुलगा याच्यापेक्षा जास्त घेतो."

"त्याला पद नाही," साहेब म्हणाला.

"त्याला पंखा आहे, फ्रिज आहे आणि हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल आहे. पद नाही, एवढं खरं."

घरमालक महिनाअखेरपर्यंत जागा अडवून ठेवणार होता, त्यानंतर नाही. ती भांडली नाही. नुसती भांडणारी असती तर साहेब सुटला असता. तिने चौकशी केली. दुकानात माल यायचा तो नदीपलीकडच्या कारखान्याच्या खोक्यांतून. तिथे नमुने बनवणारा हवा होता, आणि पगार साहेबाच्या जवळजवळ दुप्पट. तिने साहेबाला समोर उभं करून बजावलं, "जा. हात दाखव, काम दाखव. ते कार्ड मात्र खिशातून काढायचं नाही. शपथ घे."

साहेबाने शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या फोरमनसमोर तो बसला, फोरमनने "काय करता?" विचारलं, आणि साहेबाचा हात सवयीने छातीकडे गेला. जित्याची खोड.

फोरमन जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने कार्ड लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं.

"महाव्यवस्थापक?"

"हो."

"साहेब, आम्हाला पुठ्ठा कापणारा हवाय. महाव्यवस्थापक आमच्याकडे एक आहे, तोच जड झालाय."

"मी कापतोच की. रोज कापतो. हाताने."

"मग हे काय लिहिलंय?"

फोरमनने कार्ड टेबलावर ठेवलं आणि बोटाने हळूच त्याच्याकडे सरकवलं.

"हे बघा, मोठा माणूस लहान जागा मागायला आला की मला भीती वाटते. एक तर त्याने काही भानगड केलेली असते, नाहीतर आठ दिवसांत तो खुर्ची मागतो. तुमच्या मालकांकडून लिहून आणा, की तुम्ही नमुना कारागीर आहात, बाकी काही नाही. शनिवारपर्यंत आणा. तोवर दुसरा आला तर मी थांबणार नाही."

म्हणजे कार्ड काढलं नसतं तर काम तिथेच झालं असतं. हे त्याला परत येताना पुलावर कळलं, आणि तो स्वतःला लाखोली वाहत घरी पोहोचला. औषधवालीला त्याने एवढंच सांगितलं, की एक कागद हवाय. कशामुळे हवाय ते तिने विचारलं नाही. तिने फक्त त्याच्या छातीच्या खिशाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो मालकांच्या खोलीत गेला.

"बोल, बोल," मालक म्हणाले. "तू घरचाच."

"मालक, मला खाली उतरवा."

मालकांनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"म्हणजे पदावरून. महाव्यवस्थापक नको. नमुना कारागीर करा आणि तसं लिहून द्या."

मालकांनी चष्मा काढला. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "कोणी काही बोललं का तुला? अरे, लोक वर चढायला जिवाचं रान करतात."

"मी चढून पाहिलं, मालक. वर काही नाही."

"हे बघ. उतरायचं म्हणजे सगळंच उतरतं. कारागीर झालास तर कारागिराचा पगार."

"तेवढाच आहे, मालक."

"तेवढाच आहे?" मालक विसरले होते.

"हो. उलट ओव्हरटाइम पुन्हा सुरू होईल."

मालक मूर्ख नव्हते, मूर्ख माणसाला एवढी पदं सुचत नाहीत. एक उतरला की उद्या दोन वितरण प्रमुख उतरतील, परवा आतिथ्य व्यवस्थापक शेगडी सोडून रांगेत येईल, आणि बावीस जणांचा ओव्हरटाइम तिजोरीच्या दोन्ही कुलपांतून बाहेर पडेल, हे त्यांना जागच्या जागी दिसलं. त्यांनी चष्मा परत चढवला, आणि जिभेवरची साखरही परतली.

"देतो लिहून. तुझ्या मनाविरुद्ध मी जाणार नाही. पण जे करायचं ते रीतीने. शनिवारी, सगळ्यांसमोर. आणि आईंना घेऊन ये."

"आईला कशाला?"

"वर चढवताना चार वेळा बोलावलं, उतरवताना लपवायचं? का रे, लाज वाटते का तुला?"

लाज वाटत होती, म्हणून तो "नाही" म्हणाला.

पुढचे दिवस तो आईला खरं सांगायला रोज तोंड उघडायचा. आई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, चाळीस पोरींचं जेवण उरकून घरी यायची आणि पाय चोळत बसायची. तो म्हणाला, "आई, शनिवारी कारखान्यात कार्यक्रम आहे, पण..." 'पण' तिला ऐकूच गेला नाही. तिने पाय चोळायचं सोडलं आणि ठेवणीतले कपडे बाहेर काढले. मग शेजारी सांगून आली, मग त्याच्या शेजारी. तिसऱ्या खोलीतली बाई म्हणाली, "आता आणखी काय करणार त्याला?" आई म्हणाली, "ते मोठ्या लोकांचं असतं. आपल्याला कळत नाही." यानंतर साहेबाने तोंड उघडायचा नाद सोडला.

शनिवारी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. केक नेहमीपेक्षा मोठा होता. आई पहिल्या रांगेत, पाय जुळवून, पाठ सरळ. मालक उभे राहिले. पाच वर्षांची निष्ठा, हातातली कला, घरचे संस्कार, सगळं त्यांनी पदरचं घालून सांगितलं. मग त्यांनी दोन पाकिटं वर धरली.

"या हातात," ते म्हणाले, "आपल्या कारखान्याचं उपाध्यक्षपद आहे. आणि या हातात, यानेच माझ्याकडे मागितलेलं, नमुना कारागीर. मी कोणावर जबरदस्ती करत नाही. आई समोर बसल्यात. त्यांच्यासमोर याने हवं ते घ्यावं."

शेडमध्ये हशा पिकला. मालकांनी विनोद केला असंच सगळ्यांना वाटलं. आईसुद्धा हसली. सुरक्षा प्रमुखांनी तर मांडीवर थाप मारली. हसला नाही तो हिशेबनीस. तो भिंतीला टेकून साहेबाकडे बघत होता.

साहेब पुढे गेला. कारागिराचं पाकीट उजवीकडे होतं. एक पाऊल टाकून हात लांब करायचा, एवढंच काम. आठवडाभर त्याने मनात तेच घोकलं होतं. खोली, स्वयंपाकघर, ती, निम्मं भाडं, सगळं त्या पाकिटात होतं आणि त्याला ते माहीत होतं. मग त्याने आईकडे पाहिलं. तिने टाळ्या वाजवायला दोन्ही हात आधीच वर घेतले होते.

त्याने डावीकडचं पाकीट घेतलं.

टाळ्यांनी पत्रे दणाणले. मालकांनी त्याला मिठी मारली, केक भरवला, आणि उजवीकडचं पाकीट घडी करून स्वतःच्या खिशात घातलं. आता याला काय म्हणायचं? मायेपोटी केलं म्हणावं, तर सख्ख्या आईचा एवढा वाईट उपयोग फार थोड्यांनी केला असेल. भित्रेपणा होता, दुसरं काही नाही. वर त्याने चार शब्दांत आभारही मानले.

परत जाताना आई गुच्छ छातीशी धरून चालत होती. बसथांबा आला. मग इकडेतिकडे कोणी ऐकत नाही असं पाहून म्हणाली, "साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"पगार किती वाढला रे?"

पाच वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता, आणि तोही माफी मागत.

"नाही वाढला."

"या वेळी नाही वाढला?"

"कधीच नाही वाढला, आई. कमी झाला. ओव्हरटाइम बंद झाला ना."

आईने गुच्छ खाली घेतला. "मग ते घरासाठी साठवतोस ते?"

"कोण म्हणालं साठवतो?"

"मलाच वाटायचं. म्हटलं, पोराचा पगार एवढा मोठा, घरात काही दिसत नाही, म्हणजे साठवतोय. आपण मागून त्याचं मोडू नये. म्हणून किराणा मीच भरत राहिले." ती थांबली. तिच्या डोळ्यांपुढून पाच वर्षांचा किराणा गेला असावा. "मग मी टाळ्या कशाच्या वाजवल्या रे?"

"तुझ्यासाठीच घेतलं ते पाकीट. चारचौघांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून."

तेव्हा मात्र आई भडकली. "माझ्या नावावर खपवू नकोस! मला साहेब हवा होता तो महिन्याला चार पैसे घरात आणेल म्हणून. नुसत्या साहेबाचं काय करू, लोणचं घालू? चाळीस पोरींच्या पोळ्या लाटून माझे गुडघे गेले, आणि तू केक खात होतास?"

साहेबाला रडू फुटलं. आईला त्याने फसवलं नव्हतं, तिने कधी विचारलं नव्हतं, पण ही पळवाट आता त्याची त्यालाच पुरेना. त्याने थांब्यावरूनच फोरमनला फोन लावला.

"कागद आणला का?" फोरमनने विचारलं.

"नाही. आज मला उपाध्यक्ष केलं."

"अभिनंदन. ती जागा दुपारी गेली. एक जण आला, पुठ्ठा कापून दाखवला, झालं."

"कागद वगैरे...?"

"त्याच्याकडे कार्ड नव्हतं," फोरमन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बस आली ती त्यांनी सोडली. आई म्हणाली, "त्या पोरीला सांगायचं कोणी? चल." चौकातल्या दुकानात संध्याकाळची गर्दी होती. औषधवाली एका म्हाताऱ्या बाईला डोळ्यांचे थेंब कसे घालायचे ते दाखवत होती. ते संपेपर्यंत दोघं बाजूला उभे राहिले. मग साहेबाने सगळं सांगितलं, पुलापलीकडच्या कार्डापासून डाव्या पाकिटापर्यंत. यात त्याने काही लपवलं नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

"आणि मग तू काय म्हणालास तिथे?" तिने विचारलं.

"आभार मानले."

"मग आता आभारांवरच दिवस काढ." तिचा आवाज चढला नाही, पण खाली ठेवलेली बाटली जोरात वाजली. "ती जागा मी घेतेय. इथल्या एका मैत्रिणीबरोबर राहीन, तिला तिचा निम्मा भरता येतो. तुझ्या हातात पहिला नीट पगार पडेल तेव्हा ये. पद सांगायला येऊ नकोस."

साहेबाने आधारासाठी आईकडे पाहिलं. आईने गुच्छ काउंटरवर ठेवला आणि त्या मुलीला म्हणाली, "बरोबर बोललीस. हा तू घे, मला याच्याकडे बघवत नाही." ती गुच्छाबद्दल बोलली की त्याच्याबद्दल, हे साहेबाला विचारायचा धीर झाला नाही.

सोमवारी सकाळी तो कोट न घालता नदीपलीकडच्या फाटकात उभा राहिला. खिसे रिकामे. फोरमन सायकल लावत होता.

"या, उपाध्यक्ष. वाट चुकलात?"

"दुसरं काही काम आहे का?"

फोरमनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गठ्ठे बांधायला माणूस हवाय. यंत्रातून खोकी घडी होऊन येतात, ती रचून सुतळीने आवळायची. दिवसभर तेच. हाताला घट्टे पडतात."

"पगार किती?"

हे शब्द त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडले, आणि ते इतक्या मोठ्याने पडले की फाटकावरच्या माणसाने वळून पाहिलं. फोरमनने आकडा सांगितला. नमुनेवाल्याएवढा तो नव्हता. पण साहेब जिथे पोहोचायला पाच वर्षं झिजला होता, त्या महाव्यवस्थापकाच्या पगारापेक्षा तो सरळसरळ जास्त होता.

"आणि ओव्हरटाइम?"

"मिळतो की. गठ्ठेवाल्यांनाच जास्त."

आकडा ऐकून त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी राग आला. मालकांचा आला, पाटीचा आला, केकचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. बाविसाव्या वर्षी या फाटकात येऊन विचारलं असतं तरी याच माणसाने हेच उत्तर दिलं असतं. राग काढायला जवळपास दुसरं कोणी नव्हतं, म्हणून कामाला लागताच त्याने पहिलाच गठ्ठा दात-ओठ खात आवळला. सुतळी तटकन तुटली.

फोरमन जाता जाता थांबला. "जरा दमानं," तो म्हणाला. "तुटलेली सुतळी पगारातून कापतात."

"किती कापतात?" साहेबाने विचारलं.